निर्बंध लागतात देशावर, थांबावं लागतं कोणाला?

प्रश्न असा आहे: एखाद्या देशावर व्यापारी निर्बंध येतात तेव्हा त्याकडे राष्ट्राच्या बाजूने बघायचं की वर्गाच्या? विचारणाऱ्याने पुढे एक टोमणाही जोडलाय. इराणवरच्या निर्बंधांना साम्राज्यवाद म्हणणारे लोकच दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीच्या वेळी निर्बंध घाला म्हणून ओरडत होते, मग हा दुटप्पीपणा नाही का?

मी राज्यशास्त्र शिकलेली नाही. माझी सत्तावीस वर्षं वाशीत आणि न्हावा शेव्यात निर्यातीच्या कागदांत गेली. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बीएल (जहाजाची पावती), फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) हे सगळं तयार करायचं आणि बँकेत सेट दिला की पैसे येईपर्यंत मागे लागायचं, हे काम. त्यामुळे माझं उत्तर त्याच बाजूने येणार. आदेशावर नाव देशाचं असतं, पण माल बहुतेक वेळा जातोच. अडकतात ते पैसे. आणि अडकलेल्या पैशांचा भार घरंगळत घरंगळत ज्याला अजिबात थांबता येत नाही त्याच्या अंगावर जातो. इथेही आणि तिथेही. थांबण्याची ऐपत कोणाकडे आहे, एवढा एक प्रश्न धरून बघितलं तर वर्ग आणि राष्ट्र हा गुंता बराच सुटतो, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण सांगते. इराण हा आपल्या सोयाबीन पेंडीचा, म्हणजे व्यापारात ज्याला डीओसी म्हणतात तिचा, मोठा गिऱ्हाईक. बासमती आणि चहाचं सगळ्यांना ठाऊक असतं, पेंडीचं कमी लोकांना. तिथल्या कोंबड्यांच्या खाद्यात लातूरकडचं सोयाबीन असतं. २०१९-२० च्या हंगामात लातूर भागातल्या एका छोट्या मिलवाल्याचे दहा कंटेनर आम्ही बंदर अब्बासला लावले. माल ऐंशी-पंच्याऐंशी लाखांचा. कागद चोख होते, आजही मला त्यात एक काना-मात्रा चुकलेली सापडणार नाही. माल पोचला, कोंबड्यांनी खाल्लाही असेल. पैसे आले नाहीत.

का आले नाहीत, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. इराणच्या तेलाचे पैसे आधी एशियन क्लिअरिंग युनियनमधून, म्हणजे आशियातल्या मध्यवर्ती बँकांच्या आपसातल्या हिशोबव्यवस्थेतून जायचे. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तो रस्ता बंद केला. मग हॅम्बुर्गमधली एक बँक, मग तुर्कस्तानची हाल्कबँक असे आडरस्ते झाले. मार्च २०१२ मध्ये इराणी बँका स्विफ्टमधून, म्हणजे जगभरच्या बँकांच्या निरोपांच्या जाळ्यातून काढल्या गेल्या. त्याच वर्षी कोलकात्याच्या युको बँकेत रुपयाचं खातं सुरू झालं. युकोच का, तर तिचा अमेरिकेत पसारा नव्हता, त्यामुळे अमेरिकेला पकडायला शेंडी सापडत नव्हती. आपल्या रिफायनऱ्या तेलाचे पैसे, सुरुवातीला ४५ टक्के, त्या खात्यात रुपयांत भरायच्या. इराणी आयातदार तेहरानमध्ये रियाल भरायचा आणि इथल्या निर्यातदाराला त्या खात्यातून रुपये मिळायचे. डॉलर मध्ये येतच नव्हता. साधी, सरळ, आपल्या आठवडी बाजारातल्या देवाणघेवाणीसारखी व्यवस्था.

मे २०१८ मध्ये ट्रम्पनी इराणसोबतचा अणुकरार सोडला, नोव्हेंबरमध्ये तेलावरचे निर्बंध परत आले, भारताला सहा महिन्यांची सवलत मिळाली. २ मे २०१९ ला ती संपली आणि आपण इराणी तेल घेणं थांबवलं. डीओसी, चहा, तांदूळ यांवर कुठलीही बंदी नव्हती. पण तेल बंद म्हणजे खात्यात रुपये येणं बंद. टाकीत पाणी चढत नाही आणि खाली नळ चालूच, असं किती दिवस चालणार?

तर आमचे मिलवाले. सकाळच्या गाडीने वाशीला यायचे, डबा सोबत, समोरच्या खुर्चीत बसायचे. "ताई, आज काही मेल?" एवढंच विचारायचे. त्यांची पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल तयार करायला बँकेने दिलेलं कर्ज, चालू होती. ठरलेली मुदत उलटली की निर्यातीचा सवलतीचा व्याजदर जातो आणि साधा, चढा दर लागतो. त्यात निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत आणायचे हा तेव्हाचा नियम. कोविडमध्ये ती मुदत पंधरा महिने केली म्हणून जरा श्वास मिळाला. तोवर ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत, ते शिपिंग बिल उघडंच दिसत राहतं आणि बँक पुढच्या मालाला हात आखडता घेते. त्यांनी आडत्याकडून खासगी व्याजाने पैसे उचलले. मिलची एक पाळी बंद केली. बारदान भरणारी आठ माणसं घरी बसली. ती माणसं आठवड्याच्या पगारावर जगणारी. तेहरान कुठे आहे हे त्यांना विचारायचं कारणच आलं नव्हतं.

पैसे शेवटी चौदाव्या महिन्यात आले, आले एवढंच. पण पुढच्या हंगामात मिलवाल्यांनी निर्यात सोडली. आता ते आपली पेंड एका मोठ्या पार्टीला इथेच विकतात. त्या पार्टीचं दुबईत ऑफिस आहे, तिच्याकडे सहा-आठ महिने पैसे अडकवून बसायची ताकद आहे, आणि त्या ताकदीचे पैसे ती भावातून कापून घेते. हा बदल कोणत्याही आदेशात लिहिलेला नव्हता. अमेरिकेने इराणला दम दिला आणि लातूरमध्ये छोट्याचा धंदा मोठ्याकडे गेला.

आता हेच इराणच्या आत बघा. तिथे हे शंभर पटीने झालं. एप्रिल २०१८ मध्ये रियाल घसरायला लागला तेव्हा सरकारने एका डॉलरला ४२,००० रियाल असा दर बांधून दिला आणि औषधं, धान्य, कच्चा माल आणणाऱ्यांना त्या दराने डॉलर द्यायला सुरुवात केली. हेतू गरिबाचा. बाजारात मात्र त्याच वर्षात डॉलर लाखाच्या वर गेला. म्हणजे ज्याची मंत्रालयात ओळख, त्याला स्वस्त डॉलर. तो बाजारात विकला की दुप्पट-तिप्पट. आयात कागदावर. अशा लोकांना इराणमध्ये एक नाव आहे, 'कासेबान-ए तहरीम', निर्बंधांवर कमावणारे. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूहानी हा शब्द वापरायचे. (कासिब म्हणजे कमावणारा, धंदा करणारा. आपल्या 'कसब'चा तो सख्खा भाऊ.)

हफ्त तप्पे हे नाव लक्षात ठेवा. खुझेस्तानात शूश गावाजवळचा उसाचा मळा आणि साखर कारखाना. आपल्याकडच्या वाचकाला तो चटकन कळेल: हजारो कामगार, थकलेले पगार, सरकारकडून खासगी मालकाकडे गेलेला कारखाना. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमके तेलावरचे निर्बंध परत आले त्याच महिन्यात, तिथले कामगार महिन्यांमागून महिने न मिळालेल्या पगारासाठी रस्त्यावर उतरले. सरकारने त्यांच्या नेत्याला, इस्माईल बख्शीला, तुरुंगात टाकलं. दोन वर्षांनी मालकावर खटला उभा राहिला. आरोप असा, की यंत्रं आणायच्या नावाखाली सरकारी दराने सुमारे दीड अब्ज डॉलर उचलले आणि ते खुल्या बाजारात फिरवले. २०२१ मध्ये कारखाना त्याच्याकडून काढून घेतला गेला.

या कामगारांना आता विचारा, तुमच्या पगाराचा चोर कोण, वॉशिंग्टन की तेहरान? वॉशिंग्टनने रियाल पाडला हे खरं. त्या पडलेल्या रियालवर शिडी लावून चढला तो त्यांचाच मालक, तेही खरं. सरकार म्हणत होतं, शत्रू दारात आहे, आत्ता संप करू नका. ही राष्ट्राची भाषा. ती खोटी नाही, पण ती कोण कोणाला ऐकवतंय ते बघायला हवं. ज्याची थांबायची ऐपत आहे तोच नेहमी दुसऱ्याला 'जरा थांबा' म्हणतो.

बाबक झंजानीचं प्रकरणही त्यातलंच, थोडक्यात सांगते. निर्बंधांच्या काळात सरकारचं तेल आडमार्गाने विकून देणारा हा माणूस. देशासाठी निर्बंध तोडतोय म्हणायचा. २०१३ च्या शेवटी अटक झाली तेव्हा तेलखात्याचे दोन अब्ज डॉलरच्या वर पैसे त्याने परत केले नव्हते. २०१६ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी केली गेली.

औषधांबद्दल लोक हमखास विचारतात, कारण अमेरिका म्हणते औषधांना सूट आहे. आहे, कागदावर खरंच आहे. पण सूट मालाला असते, पैसे नेणाऱ्या बँकेला भीती असते. युरोपातल्या बँकेच्या अधिकाऱ्याला चार हजार युरोच्या व्यवहारात कमिशन किती मिळणार? आणि चूक झाली तर दंड किती? तो फाईल बाजूला ठेवतो. मी त्याच्या जागी असते तर मीही ठेवली असती. इराणमध्ये त्वचेचा एक दुर्मीळ आजार असलेली मुलं आहेत. हात लागला तरी त्यांची कातडी सोलवटते, आणि त्यांच्या जखमांना न चिकटणारी एक खास पट्टी युरोपातून यायची. २०१८ नंतर ती पुरवणाऱ्या कंपनीने हात वर केले. पैसेवाल्या घरांनी दुबईहून, इस्तंबूलहून माणसाच्या बॅगेतून पट्ट्या मागवल्या. बाकीच्यांनी साधा कापूस-गॉज वापरला, जो काढताना कातडीसकट निघतो. निर्बंधाने वर्ग बघितला नव्हता म्हणे.

निर्बंध लादणाऱ्या देशातही हीच फाळणी दिसते, आणि तिची आपल्याला गंमत वाटावी असा एक किस्सा आपल्याच इतिहासात आहे. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिकेने भारतावर आणि मागोमाग पाकिस्तानवर निर्बंध लावले. कायदा कडक होता, त्यात शेतीमालाच्या कर्जहमीवरही गदा येत होती. पण पाकिस्तान हा वॉशिंग्टन राज्यातल्या गव्हाचा मोठा गिऱ्हाईक, आणि जुलैत त्याचं गव्हाचं टेंडर निघणार होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या सिनेटरांना फोन लावले. १४ जुलैला क्लिंटननी शेतीमाल वगळणाऱ्या दुरुस्तीवर सही केली. दोन महिन्यांत अणुबॉम्बपेक्षा गहू जड झाला. त्याआधी १९८० मध्ये कार्टरनी अफगाणिस्तानच्या कारणाने सोव्हिएत युनियनचा १ कोटी ७० लाख टन धान्याचा सौदा अडवला होता. अर्जेंटिनाने तिकडे धान्य विकलं आणि पुढच्या वर्षी रेगनना बंदी उठवावी लागली. अमेरिकी शेतकरी संघटित होता, मतदार होता. त्याला थांबायला लावणं राजकारणाला परवडत नव्हतं. लातूरच्या बारदानवाल्याला सिनेटर नसतो.

आणि त्याच १९९८ ला आपण काय केलं? मान ताठ ठेवली, बरोबरच. स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि परदेशातल्या भारतीयांनी ४.२ अब्ज डॉलर ओतले. तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते, मीही खाल्ले. पण डॉलरवर पावणेआठ टक्के व्याज होतं हे पेढे खाताना कोणी बोललं नाही. देशप्रेम होतं, व्याजासकट होतं. ते व्याज ज्या तिजोरीतून गेलं ती सगळ्यांची.

तीच गोष्ट रशियन तेलाची. २०२२ नंतर आपण स्वस्तात रशियन तेल घेतलं, राष्ट्रहित म्हणून घेतलं, आणि माझ्या मते घ्यायलाच हवं होतं. दोन टक्क्यांच्या आतला वाटा तिशीच्या पुढे गेला. पण सवलत उतरली कुठे? बरीचशी रिफायनरीत. सरकारी तेलकंपन्यांनी २०२२ मध्ये तोटाही सोसला, हे न्यायाने सांगायला हवं, पण मुंबईतलं पेट्रोल शंभरीच्या वरच राहिलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच तेलाच्या कारणाने अमेरिकेने २५ टक्के जादा शुल्क लावून एकूण ५० टक्के केलं, तेव्हा दणका कोणाला बसला? सुरतेत हिरे घासणारा, आंध्रातला कोळंबीवाला, तिरुप्पूरचा शिवणकामगार, सोलापूरचा टॉवेलवाला. तेलावर कमावणारा एक, शुल्काचा मार खाणारा दुसरा, आणि दोघंही 'भारत'च. (रशियाही थांबलाच म्हणा. मे २०२३ मध्ये गोव्यात त्यांचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांनी पत्रकारांना सांगितलं, की अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. मला आमचे मिलवाले आठवले. फरक इतकाच की रशियाला आडत्याकडे जावं लागलं नाही.)

मग राष्ट्राची बाजू बाद करायची का? अजिबात नाही. ज्या देशाच्या हातात डॉलर आणि स्विफ्टची किल्ली आहे, तो दुसऱ्याच्या चुलीत बाहेरून पाणी ओततो हे वास्तव आहे. इराकमध्ये ६ ऑगस्ट १९९० पासून तेरा वर्षं तेच झालं, संयुक्त राष्ट्रांच्या नावाने. दिनार रद्दीच्या भावाने गेला, शिक्षक-डॉक्टर घरातली पुस्तकं रस्त्यावर विकायला बसले. सद्दामचं काय वाकडं झालं? बहुसंख्य लोक सरकारी रेशनवर आले, आणि रेशनकार्ड ज्याच्या हातात त्याच्याविरुद्ध कोण तोंड उघडणार? तेलाच्या बदल्यात अन्न या योजनेत दोन हजारांवर कंपन्यांनी सद्दामच्या राजवटीला लाच दिली, हे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या व्होल्कर समितीच्या अहवालाने २००५ मध्ये मांडलं, आणि त्याचे शिंतोडे दिल्लीपर्यंत उडून आपले परराष्ट्रमंत्री नटवरसिंह यांना पद सोडावं लागलं. राजवट थांबू शकत होती, म्हणून ती टिकली. ती पाडायला शेवटी सैन्य पाठवावं लागलं.

आता दुटप्पीपणाचा टोमणा. दक्षिण आफ्रिका वेगळी का? या जागी मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या प्रश्नाचं बूड इथे आहे.

पहिली गोष्ट, आपण स्वतः त्यात सगळ्यांच्या आधी होतो. जुलै १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तेव्हा आपल्या निर्यातीचा पाचेक टक्के वाटा तिकडे जात होता, म्हणजे खिशाला चाट लावून तोडला.

दुसरी गोष्ट, निर्बंध मागितले कोणी? ज्यांना ते सोसायचे होते त्यांनी. डिसेंबर १९८५ मध्ये डर्बनला कोसाटू ही कामगार महासंघटना स्थापन झाली आणि स्थापनेच्या अधिवेशनातच तिने परदेशी दबावाला पाठिंबा दिला, तोही तसं बोलणं हाच गुन्हा ठरण्याच्या काळात. सगळे कृष्णवर्णीय एका सुरात होते असं समजू नका. झुलू नेते बुथेलेझी निर्बंधांच्या विरोधात होते, म्हणायचे नोकऱ्या आमच्याच जातील. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईही तेच म्हणायच्या. मात्र खाणीतल्या मजुराबद्दल त्यांना एकाएकी पाझर फुटलेला बघून अनेकांच्या भुवया उंचावल्या. कोसाटूमध्येही वाद झाले. खाणकामगारांना दिसत होतं की फक्त कोळशावर बंदी आली तर फक्त त्यांचाच गळा आवळला जाईल. म्हणून १९८७ मध्ये कोसाटूने अर्धवट, निवडक निर्बंध नकोत, घालायचे तर सगळ्यावर घाला, अशी भूमिका घेतली. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कामगारांनी स्वतःच हिशोब मांडला होता की फटका नुसता खाली येता कामा नये, वर गेला पाहिजे.

आणि तो वर गेला, बँकेतून. जुलै १९८५ च्या अखेरीस चेस मॅनहॅटनने दक्षिण आफ्रिकेची अल्पमुदतीची कर्जं पुढे वाढवायला नकार दिला. नीतीसाठी नव्हे, धोका वाढला म्हणून. रँड, म्हणजे तिथलं चलन, कोसळला. आता पहिल्यांदाच बड्या भांडवलाला थांबता येईना. सप्टेंबरमध्ये अँग्लो अमेरिकन या महाकाय खाणकंपनीचे अध्यक्ष गॅव्हिन रेली काही उद्योगपतींना घेऊन झांबियात गेले आणि एएनसीच्या, म्हणजे मंडेलांच्या बंदी घातलेल्या पक्षाच्या, नेत्यांसमोर बसले. स्वतःच्या सरकारला न जुमानता. राजवट आणि तिचा मालकवर्ग यांच्यात फट पडली ती अशी.

डब्लिनची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जुलै १९८४ मध्ये तिथल्या डन्स स्टोअर्समध्ये मेरी मॅनिंग नावाच्या एकवीस वर्षांच्या काउंटरवरच्या मुलीने दक्षिण आफ्रिकेची दोन ग्रेपफ्रूट बिलात धरायला नकार दिला. युनियनचा ठराव होता, तिने तो पाळला, इतकंच. तिला निलंबित केलं, सोबतचे मूठभर सहकारी तिच्यामागे बाहेर पडले. जवळजवळ तीन वर्षं संप चालला आणि १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेची फळं-भाजी बंद केली. या मंडळींना थांबण्याची ऐपत नव्हती, तरी ती थांबली. हे कोणी वरून लादलेलं थांबणं नव्हतं.

तर दुटप्पीपणा आहे का? इराणमध्ये २०१८ साली हफ्त तप्पेच्या कामगारांनी 'आमच्या देशावर निर्बंध घाला' असं कुठे मागितलं होतं? ते पगार मागत होते. दक्षिण आफ्रिकेत मागणी खालून आली आणि मार वर बसला. इराण-इराकमध्ये निर्णय बाहेरून आला आणि मार खाली बसला. शब्द एकच आहे म्हणून गोष्ट एक होत नाही. हां, काही मंडळी खरंच दुटप्पी असतात: आपल्या गोटातल्या राजवटीवर निर्बंध आले की त्यांना राष्ट्र आठवतं, दुसऱ्या गोटातल्यांवर आले की कामगार. त्यांचं वकीलपत्र मी घेत नाही.

शेवटी, प्रश्नात तळाशी एक ओळ होती: सोलापूरकडून इराणला केळी पाठवायचा विचार आहे, सध्या पाठवावीत का? गिऱ्हाईक आहे, दर चांगला असतो, लोक पाठवतातही. पण केळं थांबत नाही. म्हणून कंटेनर बंदराच्या गेटातून आत जायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या: पैसे कोणत्या देशातल्या कोणत्या बँकेतून येणार, पाठवणारी पार्टी खरेदीदारच आहे की तिसरी, आणि तुमची स्वतःची बँक ते पैसे घ्यायला तयार आहे का. तिसरं उत्तर तोंडी चालत नाही, ईमेलवर घ्या. निदान निम्मे पैसे आगाऊ. खरेदीदार म्हणाला की आधी माल, मग बघू, तर दर कितीही चांगला असो, वाशी मार्केटला गाडी लावा.